निगेटिव्ह रिपोर्टनंतरची भीती

त्वचारोग आणि गुप्तरोगांचा डॉक्टर म्हणून पालघर-बोईसर पट्ट्यात काम करताना मला दोन तऱ्हेची माणसं भेटतात. ज्यांना खरोखर धोका असतो, ती बहुतेकदा उशिरा येतात. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते, त्यामुळे ती विसरून जातात. पुढे तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठलं की माझ्याकडे येतात. ज्यांना धोका जवळजवळ नव्हताच, ती मात्र लगेच येतात आणि येतच राहतात. त्यांच्या फाइलीत चार-पाच लॅबचे एचआयव्हीचे रिपोर्ट असतात आणि सगळे निगेटिव्ह असतात. लिहायचं आहे ते या दुसऱ्या लोकांविषयी, कारण त्यांचं दुखणं खोटं नाही आणि त्यावर उपचारही आहेत.

आमच्या या पट्ट्यात तारापूरची अणुभट्टी १९६९ साली वीज देऊ लागली. पुढे एमआयडीसी वाढली, रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने आले. खैरापाडा, सरावली, बेटेगाव भागात एकेका खोलीत चार-पाच तरुण राहतात. कुणी उत्तर प्रदेशातला, कुणी ओडिशाचा, कुणी आपल्याच खानदेशातला. पण भीती काही बाहेरून आलेल्यांचीच नाही. सातपाटीचा बोटीवर जाणारा मुलगा, डहाणू लोकलने अंधेरीला नोकरीला जाणारा पदवीधर, लग्न ठरलेला शिक्षक, सगळे तोच प्रश्न घेऊन येतात. "डॉक्टर, फक्त हात लागला होता. पण माझ्या बोटाला बारीक चीर असेल तर?" "निरोध वापरला होता. पण तो आतून फाटला असेल आणि मला कळलंच नसेल तर?"

आधी धोका नीट समजून घेऊ. एचआयव्ही स्पर्शाने, मिठीने, चुंबनाने, मसाजने, डास चावल्याने किंवा गाडीतल्या सीटवरून पसरत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार दुबळा असतो आणि लाळेतून लागण होत नाही. उपचार न घेणाऱ्या बाधित स्त्रीशी निरोधाशिवाय एकदा योनिसंबंध आला, तर पुरुषाला लागण होण्याची सरासरी शक्यता १०,००० मध्ये ४ मानली जाते. पुरुष बाधित असेल तर स्त्रीला ती साधारण दुप्पट असते, गुदसंबंधात आणखी कितीतरी जास्त. जननेंद्रियावर जखम असेल किंवा जोडीदाराची लागण अगदी ताजी असेल तर आकडा वाढतो. म्हणून हे आकडे बेफिकीर होण्यासाठी नाहीत. निरोध न फाटता वापरला असेल तर धोका नगण्य होतो. मुखमैथुनातून एचआयव्हीची शक्यता फारच कमी, पण गनोरिया, सिफिलिस आणि नागीण वर्गातला हर्पीस लागू शकतो, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. खोटा दिलासा टिकत नाही.

घाबरलेला माणूस मग स्वतःचं शरीर तपासू लागतो आणि तिथे त्याला काही ना काही सापडतंच. शिश्नाच्या टोकाभोवती रांगेत असलेले मोत्यासारखे बारीक दाणे त्याला मस वाटतात. ते कित्येक निरोगी पुरुषांमध्ये असतात. ओठांवरचे किंवा वृषणाच्या कातडीवरचे पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी. दिवसातून दहादा मांडीच्या सांध्यातली गाठ दाबून पाहिली की ती दुखू लागते. भट्टीजवळ बारा तास उभं राहून पाणी कमी प्यायलं की लघवीला जळजळ होते. सगळ्यात जास्त हाल करतं ते जंतुनाशक. त्या रात्रीनंतर कुणी डेटॉलने, कुणी त्यात पाणीही न घालता नाजूक भाग घासून काढतो, कातडी सोलून निघते आणि ती लाल कातडी पाहून रोग झाल्याची खात्री पटते. त्यावर मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम आणलं की बुरशी पसरायला मोकळी. भीतीने झोप उडते, जेवण तुटतं, वजन उतरतं, आणि वजन उतरणं हे एड्सचं लक्षण आहे एवढं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं.

तपासणीलाही वेळ असतो. दुसऱ्या दिवशीच्या रक्तात आदल्या रात्रीचं काही दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या अँटिजन-अँटिबॉडी या चौथ्या पिढीच्या चाचणीचा निकाल ४५ दिवसांनी भरवशाचा मानतात. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या झटपट चाचणीसाठी ९० दिवस थांबावं. सिफिलिसची रक्तचाचणीही तीन महिन्यांनी निर्णायक होते. गनोरिया बहुधा आठवड्याभरात पू आणि जळजळ घेऊन स्वतःच हजेरी लावतो. खरा धोका घडला असेल, म्हणजे बलात्कार, फाटलेला निरोध, सुई टोचणं, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायला हवं. तिथे २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं मिळू शकतात. जितकं लवकर तितकं चांगलं. हातात हात घेतल्याबद्दल मात्र ही औषधं कुणी मागू नयेत आणि कुणी देऊ नयेत.

वेळ पाळून केलेली एक तपासणी निगेटिव्ह आली की रक्ताचा प्रश्न संपतो. माझ्या या रुग्णांचा प्रश्न तिथून सुरू होतो. रिपोर्ट हातात आल्यावर दोन दिवस बरं वाटतं. मग शंका येते: लॅबवाल्याने नळी बदलली असेल का? नवीन रिपोर्ट, नवीन दोन दिवस. गजकर्ण खाजवल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि चट्टा मात्र पसरतो, तसं हे आहे. पुन्हा तपासणी लिहून देणारा डॉक्टर त्याला खाजवायला मदत करतो. म्हणून मी पुढची तपासणी नाकारतो. पण नाकारून घरी पाठवत नाही. समोर बसवून ठेवतो आणि त्या रात्रीविषयी विचारतो.

तेव्हा जे बाहेर येतं त्यात विषाणू क्वचितच असतो. गावी बायको गरोदर असते. आईने पंढरीची माळ घातलेली असते. पुढच्या महिन्यात साखरपुडा असतो. आपल्या हातून पाप घडलं, त्याची शिक्षा मिळणारच, ती आजाराच्या रूपाने येणार, असं त्याच्या मनाने ठरवून टाकलेलं असतं. रक्ताचा कोणताही रिपोर्ट पापाचं उत्तर देऊ शकत नाही, म्हणून एकही रिपोर्ट त्याला पुरत नाही. हे त्याला स्वतःला उमगलं की उपचाराची वाट सुरू होते. काहींना एवढं बोलणं पुरतं. काहींचा हा मंत्रचळ (ओसीडी) असतो, आणि त्यासाठी तपासण्याची, विचारण्याची, धुण्याची ओढ टप्प्याटप्प्याने रोखायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत आहे, गरज पडल्यास औषधं आहेत. या उपचारांनी बरी झालेली माणसं मी पाहिली आहेत. जगावंसं वाटत नाही म्हणणाराही यांत भेटतो. ते मी प्रत्येकाला थेट विचारतो आणि तसं असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेतो.

ही भीती त्याने एकट्याने निर्माण केलेली नाही. एड्स म्हणजे मृत्यू, हा संदेश नव्वदच्या दशकात भिंतीभिंतीवर होता. सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरची एआरटी औषधं मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. आज नियमित औषध घेणारा माणूस भरपूर जगतो आणि त्याच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेला राहिला, तर संबंधातून तो दुसऱ्याला लागण देत नाही. हा दुसरा संदेश पहिल्याइतका कधी पोहोचलाच नाही. उलट रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर गुप्तरोगाचे खात्रीशीर इलाज आजही रंगवलेले दिसतात, तेही १९५४ च्या औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यानंतर इतक्या वर्षांनी. घाबरलेला तरुण आधी त्या भिंतीवरच्या नंबरवर फोन करतो, कारण तिथे त्याला नाव विचारत नाहीत.

महाराष्ट्राला लैंगिक विषयांवर उघड बोलण्याची परंपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, एकहाती चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी शरीरशास्त्राच्या आधारे, पापपुण्य बाजूला ठेवून उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या मुलाला कर्व्यांचं नाव ठाऊक नसतं. शाळेत प्रजननाचा धडा बाईंनी घरी वाचा म्हणून सांगितलेला असतो.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन व चाचणी) केंद्रात किंवा गुप्तरोगांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची संमती व गोपनीयता या दोन्हींना संरक्षण दिलेलं आहे. फोनवर विचारायचं तर १०९७ ही एड्स हेल्पलाइन आहे. योग्य वेळी एकदा तपासा. तो निकाल आल्यानंतरही मन शांत होत नसेल तर पुढची लॅब शोधू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन पुन्हा आलेल्या माणसाला 'काही झालेलं नाही, जा' म्हणू नका. त्याला काहीतरी झालेलं आहे. ते रक्तात नाही, एवढंच रिपोर्टने सांगितलेलं असतं. पुढचं विचारणं आपलं काम आहे.