गॅस्पी जाळली त्या रात्रीची गोष्ट

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत लहान राज्य. पाणी वगळून नुसती जमीन मोजली तर आपल्या गोव्याहूनही छोटं. या टीचभर राज्याची एक गोष्ट मी वर्षानुवर्षं रंगवून सांगत आलो. बॉस्टनच्या ‘टी पार्टी’चं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ‘त्याच्याही दीड वर्ष आधी’ अशी सुरुवात करायला मला भारी आवडायचं.

९ जून १७७२. जकात चुकवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मागावर असलेलं ‘गॅस्पी’ हे ब्रिटिश आरमाराचं जहाज ‘हॅना’ नावाच्या गलबताचा पाठलाग करताना नॅरागॅन्सेट उपसागरात उथळ पाण्यात रुतलं. रात्री प्रॉव्हिडन्सच्या एका खानावळीत माणसं जमली आणि होड्या वल्हवत निघाली. जहाजावरचा अधिकारी डडिंग्स्टन गोळी लागून जखमी झाला, खलाशांना किनाऱ्यावर उतरवण्यात आलं आणि पहाटे जहाज पेटवून दिलं. राजानं बक्षीस लावलं, चौकशी आयोग नेमला. पण गावात कुणी तोंड उघडेना. माझ्या गोष्टीचा कळस हाच असायचा. अख्खं गाव एकजुटीनं गप्प!

तो कळस आता माझ्याच्यानं सांगवत नाही. एक जण बोलला होता.

ॲरन ब्रिग्ज. प्रूडन्स बेटावरच्या शेतात राबणारा, मालकाशी करारानं जखडलेला मिश्रवंशी पोरगा. तो पळून एका ब्रिटिश जहाजावर पोचला आणि त्यानं प्रॉव्हिडन्सच्या बड्या व्यापाऱ्याचं, जॉन ब्राउनचं, नाव घेतलं. मालकानं शपथेवर सांगितलं, पोरगा त्या रात्री घरीच होता. जहाजाच्या कप्तानानं धमकावून त्याला बोलतं केल्याचंही पुढे आलं. आयोगानं साक्ष बाद ठरवली. ॲरन त्या रात्री होडीत होता की नव्हता, यावर वाद घालता येईल. पण मोहिमेचा म्होरक्या जॉन ब्राउनच होता, हे हल्ल्यातल्याच एका म्हाताऱ्यानं १८३९ साली लिहून ठेवलं. तोवर ब्राउन सुखानं मरून गेला होता.

ज्या गप्प बसण्याला मी एकजूट म्हणत होतो, त्यात दबदबा किती आणि धंदा किती? काकवीवरची जकात या व्यापाऱ्यांना नको होती. काकवीची रम व्हायची, आणि ती रम आफ्रिकेत माणसांच्या बदल्यात दिली जायची. १७६४ साली ब्राउन बंधूंनी ‘सॅली’ नावाचं जहाज तिकडे धाडलं. त्यावरच्या १९६ बंद्यांपैकी १०९ दगावले. हा हिशेब या घराण्याचंच नाव लावणाऱ्या ब्राउन विद्यापीठानं २००६ च्या अहवालात उघडपणे मांडला, हे मला मोठं वाटतं.

जहाज जाळायला धाडस लागलं, हे मी आजही मानतो. पॉटक्सेट गावात दर जूनला गॅस्पीची प्रतिकृती जाळतात, त्यालाही माझी हरकत नाही. फक्त गोष्ट सांगताना आता मी प्रूडन्स बेटावरून निघतो आणि पहाटेच्या जाळापाशी थांबत नाही. कारण ब्राउनांच्या याच घरात मोझेस ब्राउनही होता. ‘सॅली’त त्याचाही पैसा होता, पण १७७३ साली त्यानं आपले गुलाम मोकळे केले आणि पुढे सख्ख्या भावाविरुद्ध, जॉनविरुद्ध, उभा राहिला. १७९७ साली गुलाम-व्यापारावर बंदी आणणाऱ्या कायद्याखाली जॉनचं ‘होप’ जहाज जप्त झालं. तरी १८०० साली काँग्रेसचा सदस्य म्हणून तो या बंदीविरुद्ध बोलायला उठलाच. हा नफा एकट्या इंग्रजांनीच का खायचा, असा त्याचा सवाल होता.