चालता-बोलता

तळजाईच्या टेकडीवर सकाळी दोन आजोबा दिसतात. त्यांतल्या एकांना डाव्या कानानं ऐकू येत नसावं. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण त्यांचे मित्र कायम त्यांच्या उजव्या हाताला असतात. वाट संपते तिथून दोघं मागे फिरतात. फिरलं की मित्र साहजिकच डावीकडे येतात. मग ते पाठीमागून दोन पावलं टाकून पुन्हा उजव्या बाजूला जातात आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू होतं. परवा ते वाक्य जावयाच्या बदलीबद्दल होतं.

मला चालता चालता बोलणारी माणसं आवडतात. समोरासमोर बसलं की डोळे कुठे ठेवायचे, हा प्रश्न पडतो. वाटेवर तो पडत नाही. दोघांच्याही नजरेला दगड, चिखल, समोरून येणारं कुत्रं असं काहीतरी पुरवलेलं असतं. अवघड गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याचा बदलता चेहरा पाहावा लागत नाही. चढ आला की बोलणाऱ्याला दम लागतो, तो थांबतो, आणि ऐकणाऱ्याला विचार करायला सवड मिळते. घरात इतकी सवड कोण कुणाला देतं?

१९३८ च्या नाताळात स्वीडनमधल्या कुंगएल्व्ह गावी एक मावशी आणि तिचा भाचा बर्फातून फिरायला निघाले. मावशी म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर, वय साठ, त्याच उन्हाळ्यात जर्मनीतून जीव वाचवून निघालेल्या. भाचा ऑटो फ्रिश. त्याला स्वतःच्या नव्या प्रयोगाबद्दल सांगायचं होतं, पण मावशीच्या हातात बर्लिनहून जुने सहकारी ऑटो हान यांचं पत्र आलं होतं: युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला, तर बेरियम सापडतंय. हे कसं शक्य आहे? भाच्यानं पायाला स्की बांधल्या; मावशी म्हणाल्या, मी अशीच येते, तुझ्याइतकीच भरभर. वाद घालत, शंका काढत दोघं एका पडलेल्या झाडापाशी आले, खोडावर बसले आणि कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड केली. अणूचं केंद्रक दुभंगत होतं आणि त्यातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा बाहेर पडत होती. त्यानंतर काय झालं ते जगाला ठाऊक आहे. माझं मन मात्र त्या खोडापर्यंतच्या वाटेवर घुटमळतं. पत्र दोघांनी घरात बसूनही वाचलं होतं. उलगडलं ते चालल्यावर.

डॉक्टर सांगतात, चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, म्हणजे वेग बरोबर. या मोजमापाला यंत्र लागत नाही, सोबत लागते, म्हणून ते मला पटतं. वारकऱ्यांपुढे मात्र ते टिकत नाही. दिवे घाट चढतानाही दिंडीतला अभंग तुटत नाही. गाणं थांबतं तेव्हा बोलणं सुरू होतं, आणि ते बोलणं कसं असतं हे इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलं आहे. ‘परिपूर्ती’ या संग्रहातला तो लेख मी पुन्हा पुन्हा वाचत आले आहे.

इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. माणसांची मोजमापं, नात्यांच्या रीती, जातींची रचना हा त्यांचा रोजचा विषय. पण वारीत त्या वही घेऊन लांब उभ्या राहिल्या नाहीत, दिंडीबरोबर चालल्या. दिंडी एक, विठोबा एक, अभंग एक. जेवायची वेळ आली की मात्र ब्राह्मण बाया एकीकडे आणि मराठा बाया दुसरीकडे. दिवसभर एका सुरात गाणाऱ्यांची संध्याकाळी अशी फाळणी होई, आणि ती त्यांना रोज बोचे. एकदा त्या मराठा बायांबरोबर जेवल्या. त्यानंतर वाटच बदलली. बाया त्यांचा हात धरून चालू लागल्या, आपल्या जन्माच्या गोष्टी सांगू लागल्या. शेवटी शेवटी तर त्या त्यांना ताई म्हणत. माझ्या मनात येतं, एवढं सगळं एखाद्या संशोधकानं ओसरीवर बसून, प्रश्न विचारून काढलं असतं का? ओसरीवर कुणीतरी यजमान असतं आणि कुणीतरी पाहुणं. रस्त्यावर दोघींच्या टाचांना सारख्याच भेगा पडतात, तहान सारखीच लागते, आणि पुढचा मुक्काम दोघींनाही तितकाच लांब असतो.

वारी संपत आली तेव्हा त्यांतल्या काही जणी म्हणाल्या, पुण्याला तुमच्याकडे येऊ हं. त्यावर एका तरुण मुलीनं विचारलं, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल ना? हा साधा प्रश्न इरावतीबाईंच्या काळजाला लागला, आणि लेख वाचताना तो प्रत्येक वेळी मलाही लागतो. वाटेवर जुळलेलं घरात टिकेल का, हे त्या मुलीला त्या वयात विचारावंसं वाटलं, म्हणजे तिनं घरं पुरेशी पाहिली होती. तिला खात्रीचं उत्तर मला आजही देता येणार नाही. एवढं मात्र ठामपणे सांगेन, की हा प्रश्न विचारण्याइतकी जवळीक तिला चालण्यानं दिली होती. न चालता तो कुणी कुणाला विचारलाच नसता.

आता पालखी मार्ग रुंद होतो आहे, आणि त्याच्या कडेनं पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली आहे. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. शहरांनाही हे सुचायला हवं. आपल्या रस्त्यांच्या मानकांत वस्तीतल्या पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. एवढ्यात दोन माणसं खांद्याला खांदा लावून आरामात जातात. प्रत्यक्षात मध्ये विजेचा डबा येतो, झाडाचा कठडा येतो, लावलेली स्कूटर येते, आणि नवरा पुढे, बायको मागे, किंवा मुलगा पुढे आणि वडील मागे, अशी रांग सुरू होते. मागच्याशी बोलायचं तर मान वळवावी लागते, आणि मान वळवून माणूस फार तर ‘येतेस ना?’ एवढंच विचारू शकतो.