न दिसणारा बोल्ट

मशिन ड्रॉइंगच्या शीटवर आपण बोल्ट काढतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला काय असतं? पांढरा कागद! फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू, हवा तिकडून बघा. डोक्याची रुंदी दीड डी अधिक तीन. या हिशेबाने एम-8 बोल्टला 15 चा पाना लागायला हवा. गॅरेजमध्ये जाऊन 15 चा मागा, पोरगं तुमच्याकडे बघून हसेल. जपानी वळणाच्या गाडीत तो 12 चा असतो, जर्मन वळणाच्या 13 चा. पण आकड्याचं सोडा. खरी गंमत अशी की गाडीतल्या निम्म्या बोल्टांना कुठलाच व्ह्यू नसतो.

आमच्या घरी कराडला 2004 सालची मारुती 800 आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग वाढवून घेतलेली. तीन सिलिंडर, 796 सीसी, आणि अण्णांचा जीव. अण्णा एस.टी. डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर. गेल्या सुट्टीत गाडीचा सेल्फ गेला. (स्टार्टर मोटर हा शब्द फक्त आपल्या पुस्तकात; बाकी सगळा महाराष्ट्र त्याला सेल्फच म्हणतो.) ढकलून चालू करायची तर ढकलणार कोण? आईचे गुडघे गेलेले, अण्णांना डायबेटिस. आणि आईला फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा न्यायचं असतं. गॅरेजवाल्याला बोलवू म्हटलं तर अण्णांचा चेहरा असा झाला, की मी मुकाट बाही वर केली.

सेल्फ गिअरबॉक्सच्या घराला दोन बोल्टांनी धरलेला असतो. वरचा दिसतो. खालच्याचा आपण फक्त अंदाज करायचा.

आता डिझाइनरला शिव्या घालायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कारखान्यात इंजिन, गिअरबॉक्स, सेल्फ हे सगळं गाडीच्या बाहेर, मोकळ्या जागेत जोडतात आणि मग एकत्र बॉडीत बसवतात. त्या माणसाला तो बोल्ट आपल्या शीटसारखाच दिसत असतो. अडचण येते ती वीस वर्षांनी बॉनेटमधून हात घालणाऱ्याला. त्यात इंजिन आडवं. अँबेसेडरमध्ये इंजिन उभं होतं आणि बाजूला एवढी जागा, की मेकॅनिक आत उभा राहील असं लोक म्हणायचे! 1959 च्या मिनीने इंजिन आडवं करून छोट्या गाडीत चार माणसांची सोय केली, पण तिचा गिअरबॉक्स इंजिनच्या खाली होता. 1964 च्या ऑटोबियांकी प्रिमुलात दान्ते जाकोझा यांनी तो इंजिनच्या टोकाला बसवला, आणि आज बहुतेक छोट्या गाड्या त्याच मांडणीच्या आहेत. माणसांना जागा मिळाली ती मेकॅनिकच्या मनगटाच्या वाटणीची.

सुरुवात बॅटरीच्या निगेटिव्हपासून. सेल्फच्या जाड केबलमध्ये बॅटरीतून थेट करंट असतो. पाना एकीकडे त्या टर्मिनलला आणि दुसरीकडे बॉडीला टेकला, तर पाना जागेवर वेल्ड होतो. हातात अंगठी असेल तर विचारच नको. अण्णांनी अंगठी आणि घड्याळ दोन्ही काढायला लावलं.

मी वाकून, मोबाईलची बॅटरी लावून, मान मोडेपर्यंत खालचा बोल्ट शोधत होतो. अण्णा स्टुलावर बसून म्हणाले, "बघतोस कशाला? डोळं मिट आणि हाताला इचार."

डोळे मिटले. पहिल्यांदा नुसता चिखल. मग केबल, मग घराची कड, आणि तिच्यामागे सहा कोपरे! ते बोटांना कळले तेव्हा झालेला आनंद एम-थ्रीमध्ये सुटल्यावरही झाला नव्हता.

फिक्स पान्याचं तोंड 15 अंशांनी तिरकं का असतं, हे मला त्या दिवशी समजलं. पाना उलटा करून लावला की 30 अंशांच्या फटीतही काम चालतं. 72 दात्यांचा रॅचेट असेल तर पाच अंशही पुरतात. आमच्याकडे तेवढीही जागा नव्हती. मग गोटी, तिला युनिव्हर्सल, त्याला लांब एक्स्टेन्शन, आणि रॅचेट पार बाहेर मोकळ्यात. युनिव्हर्सल आत जाताना मेलेल्या सापासारखा लोंबतो. त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले की ताठ राहतो आणि तरी वाकतो. गोटी सहा कोपऱ्यांची घ्यायची. बारा कोपऱ्यांची लवकर बसते, पण गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करते, आणि न दिसणाऱ्या जागी डोकं गोल झालं की दिवस संपला!

आदल्या रात्री जंगावर तेल सोडून ठेवलं होतं. तरी अण्णा म्हणाले, "आधी वायच आवळ, मग ढिला कर." आवळताना जंगाची पकड तुटते. 'कट्' असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा, बोल्टच तुटला की काय! अण्णा हसले. तुटणारा बोल्ट आधी मऊ लागतो, मग आवाज करतो. सुटणारा आधी आवाज करतो, मग मऊ लागतो. हे स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच्या कुठल्याही प्रॅक्टिकलला कुणी सांगितलं नव्हतं.

खालचा आधी का काढायचा, तर तोवर वरचा मोटरचं वजन धरून ठेवतो. वरचा सुटताना मात्र मोटरखाली हात पाहिजे.

ब्रश आणि बुश बदलून सेल्फ दोन दिवसांत परत आला. बसवणं काढण्यापेक्षा अवघड. गिअरबॉक्सचं घर अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. तिरका शिरला तर आटे घराचे जातात. गोटीत कागदाचा कपटा दाबून बोल्ट घट्ट बसवला, म्हणजे वाटेत पडत नाही. रॅचेट लावायचाच नाही, एक्स्टेन्शन नुसतं बोटांनी फिरवायचं. तेही आधी उलटं. उलटं फिरवताना एका जागी बोल्ट हलकेच 'टक' करून खाली बसतो. आट्याचं तोंड तिथे. मग सुलटं. दोन्ही बोल्ट हाताने चार-चार आटे गेल्याशिवाय एकही आवळायचा नाही, नाहीतर दुसऱ्याचं भोक जुळत नाही. आणि युनिव्हर्सल वाकलेला असताना टॉर्क रेंचच्या आकड्यावर विसंबू नका. सरळ एक्स्टेन्शनने आकडा बदलत नाही, वाकड्या सांध्याचा भरवसा नाही.

हे शेवटचं काम अण्णांना स्वतः करायचं होतं. मी बाजूला झालो. त्यांनी डोळे मिटून एक्स्टेन्शन धरलं. उलटं फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. डायबेटिसने त्यांच्या बोटांच्या टोकांची संवेदना गेलीय हे मला माहीत होतं, म्हणजे रिपोर्टमध्ये वाचलं होतं. चहाचा कप गरम आहे की नाही, ते हल्ली ओठ लावूनच बघतात. तिसऱ्यांदा फिरवून त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "बसला का रे?"

एस.टी.चं अख्खं इंजिन हाताने उतरवणारा माणूस मला विचारत होता. मी एक्स्टेन्शनवर त्यांच्या बोटांच्या खाली माझी दोन बोटं टेकवली. म्हटलं, "अण्णा, फिरवा." ते फिरवत होते, मी ऐकत होतो, म्हणजे बोटांनी. 'टक' झालं. "बसला." त्यांनी सुलटं फिरवायला घेतलं. एक आटा, दोन, तीन, चार. कुठे अडलं तर सांग म्हणाले. अडलं नाही.

बॅटरी जोडली, आईला किल्ली फिरवायला लावली. पहिल्या झटक्यात गाडी चालू. शेजारचे काका डोकावून म्हणाले, "कुणी केलं काम?" अण्णा हात पुसत म्हणाले, "दोघांनी."

अल्टरनेटरचा बेल्टही कुरकुरतोय. त्याचा खालचा बोल्ट म्हणे सेल्फच्या वरताण आहे. दिवाळीच्या सुट्टीत बघायचंय. रूम नंबर 114 मधल्या ज्या कुणी माझी 12 ची गोटी नेलीय, त्याने तोवर आणून द्यावी.