डबा उघडायचाच नाही!

चिकटपट्टीने बंद केलेला पत्र्याचा डबा हातोहात फिरत होता. बालवाडीचं प्रशिक्षण घेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी तो हलवत होतो, तिरका करत होतो, कानाशी नेत होतो. ‘चिंचोके!’ ‘छे, चिंचोके असे वाजतात का? खडे आहेत.’ ‘एकच वस्तू घरंगळतेय गं, गोटीच असणार!’ मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले होते: काय ऐकलं, आणि त्यावरून काय वाटलं. घरंगळल्याचा आवाज पहिल्या रकान्यात, गोटी दुसऱ्यात. हा एवढासा फरक, आणि त्यावर केवढा वाद! शेवटी मॅडमनी डबा तसाच कपाटात ठेवला. उघडलाच नाही! म्हणाल्या, अणू तरी कुणी उघडून पाहिला होता? सोन्याच्या पातळ वर्खावर कणांचा मारा केला, त्यातले काही चक्क उलटे उसळले, आणि तेवढ्यावरून रदरफोर्ड या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये अणूला केंद्रक असल्याचं मांडलं.

मला त्या रात्री झोप येईना. विज्ञान म्हणजे असा अंदाज बांधणं, तो पुराव्याला घासून पाहणं, आणि नवा पुरावा आला की बदलणं! प्लूटो २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून गेला, त्यात विज्ञानाची फजिती कसली? तीच तर त्याची ताकद! आणि दहावीपर्यंत शिकूनही हे सगळं आम्हाला कुणी कसं सांगितलं नाही?

दुसऱ्या दिवशी पावसावर बोलणं निघालं. घाटघरकडची मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे आषाढात कपडे चुलीवर वाळवावे लागतात. पाथर्डीची म्हणाली, आमच्याकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात. जिल्हा एकच, अहिल्यानगर! सह्याद्री पाऊस अडवून धरतो आणि पूर्वेकडचे तालुके पर्जन्यछायेत राहतात. दोघींचं पाहणं खरं, पण एकटीचं अपुरं. मग ठरलंच: दोघींच्या गावच्या अंगणवाड्यांत सपाट बुडाची बाटली आणि पट्टी, रोजचा पाऊस मुलांनीच मोजायचा.

मग एकदा मॅडमनी सांगितलं: चेंबर्स नावाच्या अभ्यासकाने १९८३ मध्ये ४,८०७ मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाई शास्त्रज्ञ अवघ्या २८, आणि त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या. हे ऐकून वर्ग गप्प झाला. वाटलं, मुलांच्या डोळ्यांसमोर पहिली बाई तर आपणच असतो! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंख, बिया, पानं हीच त्यांची साधनं होती. प्रयोगशाळा अंगणातच आहे की!

सरावाच्या दिवशी मी अंगणवाडीत पाण्याचं मोठं टिपाड ठेवलं. ‘हलकं तरंगतं,’ पोरं एका सुरात म्हणाली. इवलासा चिंचोका टाकला, बुडाला. अख्खं कलिंगड सोडलं, तरंगलं! क्षणभर सगळे अवाक्. मग एकजण ओरडला, ‘मोठं असलं की तरंगतं!’ मी काहीच बोलले नाही, फार मुश्किलीने. तेवढ्यात चार वर्षांची एक चिमुरडी सेविकाताईंचा पदर ओढायला लागली: ‘ताई, वरवंटा द्या ना. तो पण मोठाय.’