वाड्यातली कचेरी

1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी माणसं बदलीवर इथे आली. राहण्यासाठी तुलसी नगरासारख्या वस्त्यांतून सरकारी क्वार्टर उभी राहत गेली. कचेऱ्यांना मात्र जागा नव्हती. वल्लभ भवन व्हायला 1965 उजाडलं. राज्यकारभार मिळेल त्या जुन्या वास्तूंत शिरला. विधानसभा तर 1996 पर्यंत मिंटो हॉलमध्येच भरत होती. शाहजहाँ बेगमने 1898 मध्ये दरबारासाठी बांधलेल्या सदर मंझिलमध्येही पुढे अनेक वर्षं महापालिकेची टेबलं लागली.

पुणेकरांना हे नवं नाही. शनिपाराजवळचा विश्रामबागवाडा 1807 मधला, दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई बुडाल्यावर 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली. 1879 च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला, तोही पुन्हा बांधून काढला. 1930 ते 1959 पुण्याचा नागरी कारभार इथून चालला. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तीही याच मुक्कामात.

वाडा कचेरीला मानवतो, याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि खांबांच्या मधल्या जागेत चुन्यात बांधलेल्या विटा. भार मुख्यतः लाकूड पेलतं. चौकामुळे उजेड आणि वारा थेट आतल्या खोल्यांपर्यंत पोचतो. आल्यागेल्याला ओसरी, मसलतीला दिवाणखाना, दप्तराला आतल्या खोल्या: माणसांची ही उतरंड वाड्याला आधीपासूनच ठाऊक असते. विश्रामबागेतले सुरूच्या आकाराचे खांब जवळून पाहावेत. बुंध्याशी भरलेले, वर निमुळते होत गेलेले, आणि माथ्यावर कोरलेलं केळफूल. अशा खांबात तारेसाठी खिळा ठोकवतोच कसा?

पण ठोकला जातो. त्याहून वाईट म्हणजे सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंटने ती आत कोंडते. मग लोणा लागतो, विटेचे पापुद्रे सुटतात, तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं. दुरुस्तीच्या नावाखाली केलेला हा घात आहे आणि तो अजूनही सर्रास होतो. चुना मळायला दिवस लागतात, निविदेला घाई असते.

तरीही रिकाम्या वाड्यापेक्षा कचेरीचा वाडा बरा. वर्दळ असली की कौल फुटलेलं कुणाला तरी दिसतं, पन्हाळ तुंबलेली कळते.

पुन्हा भोपाळकडे वळू. 2024 मध्ये तिथल्या तुलसी नगर आणि शिवाजी नगरातली जुनी क्वार्टर पाडून आमदार-मंत्र्यांसाठी निवासस्थानं बांधायचा प्रस्ताव आला. त्यापायी तोडल्या जाणाऱ्या झाडांसाठी रहिवासी रस्त्यावर उतरले आणि सरकारने तो जूनमध्ये मागे घेतला. झाडं वाचली, त्यांच्याबरोबर घरंही. ती क्वार्टर काही वाडे नव्हेत, पण त्यांतली एखादी ओळ रिकामी झालीच तर तिथे वॉर्ड ऑफिस, वाचनालय किंवा दवाखाना सहज मावेल. पाडण्याच्या फायलीआधी तेवढा एक नकाशा तरी सरकारी टेबलावर यायला हवा.