निराळा धातू

व्यवस्था दिसली की तिच्यामागे कोणाचा तरी हुकूम असला पाहिजे, असे मानण्याची सवय आम्हां कारकून मंडळींना जरा अधिकच असते. टिपणीखाली सही, सहीखाली तारीख, मग जावक क्रमांक. सारे कोणीतरी नेमून दिलेले! म्हणूनच की काय, खनिजशास्त्रातील एका लहानशा वादाने माझे मन वेधून घेतले.

वाद आहे कॅल्साइटविषयी. चुनखडक आणि संगमरवर यांचे हे मुख्य द्रव्य; दख्खनच्या काळ्या फत्तरातील पोकळ्यांतूनही त्याचे स्फटिक सापडतात. त्याचा पारदर्शक तुकडा छापील ओळीवर ठेवावा, तर एका ओळीच्या दोन दिसतात. आइसलंडच्या स्फटिकांतील हा चमत्कार बार्थोलिन या डॅनिश पंडिताने १६६९ साली प्रसिद्ध केला. एकाचे दोन भासवण्याची या दगडाची खोड अशी जुनी आहे.

डोलोमाइट हा त्याचा चुलतभाऊ. कॅल्साइटमध्ये धातूचा प्रत्येक थर कॅल्शियमचा असतो. डोलोमाइटमध्ये एक थर कॅल्शियमचा, तर पुढचा मॅग्नेशियमचा. अशा मांडणीची साक्ष विवर्तनातून मिळते. स्फटिकातून क्ष-किरण गेले म्हणजे पलीकडे ठिपक्यांची रांगोळी उमटते, हे १९१२ साली लाउए यांच्या कल्पनेवरून सिद्ध झाले, आणि १९१४ साली धाकट्या ब्रॅगने त्या रांगोळीवरून कॅल्साइटची रचना उलगडली. पुढे इलेक्ट्रॉनांच्या झोताने अगदी इवल्याशा भागाचीही रांगोळी मिळू लागली. तिचे गणित उफराटे आहे. स्फटिकातील पुनरावृत्तीचे अंतर दुप्पट झाले की ठिपक्यांमधील अंतर निम्मे होते. म्हणजे जुन्या दोन ठिपक्यांच्या मध्यावर एक नवा, फिकट ठिपका उगवतो.

काही कॅल्साइटांच्या आणि डोलोमाइटांच्या चित्रांत असे मधले ठिपके आढळले. अभ्यासकांनी अर्थ लावला, की येथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काही नव्या क्रमाने बसले असावेत. अर्थ तर्काला धरून होता. परंतु २००८ साली लार्सन आणि ख्रिस्टी या संशोधकांनी निराळा उलगडा पुढे ठेवला. स्फटिकात अतिशय पातळ जुळे पापुद्रे असले, तरीही तसेच ठिपके उमटू शकतात. जुळे म्हणजे द्रव्य तेच, रचना तीच. फक्त आरशातील प्रतिबिंबासारखी फिरलेली. झोत एका पापुद्र्यात वळतो, शेजारच्या फिरलेल्या पापुद्र्यात पुन्हा वळतो, आणि दोन वळणे मिळून नको त्या जागी ठिपका पडतो. तेथे धातूंनी जागांची अदलाबदल केलेलीच नसते.

जुळेपणाचे प्रकार अनेक. त्यांतला एक तर हाताने घडवता येतो. चाकूचे पाते स्फटिकाच्या बोथट कडेवर बेताने दाबले, की तुकडा न फुटता त्याचा एक भाग सरकून प्रतिबिंबरूप होतो. बाउमहाउअरने १८७९ साली हे दाखवले. दाब आला म्हणून फुटायचे नाही, वळायचे. हा त्या दगडाचा धर्म मला फार आवडला.

मागे आमचे दादा सांगलीहून दिल्लीला आले होते. आमच्या मुलीचे 'मी जेवण करून घेतलं' ऐकून ते म्हणाले, "अरे, तुझी मुलगी निराळ्याच धातूची झाली रे!" बोलण्यात राग नव्हता, खंत होती, म्हणून ते अधिक लागले. तिच्या भाषेत दिसणारे हे मधले ठिपके कशाचे? घडण बदलल्याचे, की दाबाखाली वळल्याचे?

शास्त्रज्ञांजवळ अशा वेळी दोन कसोट्या असतात. पहिली, मुळात दुसरा धातू आहे का ते पाहावे. मॅग्नेशियमच नसेल तर त्याचा क्रम कुठला? दुसरी, तुकडा झोतात थोडा कलवून पाहावा. दोन वळणांतून पडलेला ठिपका दिशा बदलली की मावळू शकतो. माणसांच्या बाबतीत पहिली कसोटी चालत नाही. हिंदी आमच्या घरात आहे, शाळेतून आलेली आहे, आणि तिचे काही अणू मुलीच्या मनात कायमचे बसलेही असतील. दुसरी मात्र न ठरवता घडते. पाढे ती हिंदीत म्हणते. ताप चढला की 'आई गं' म्हणून कण्हते. भांडण मैत्रिणींशी असले तर हिंदीत, माझ्याशी असले तर अस्सल सांगलीच्या मराठीत, तिच्या आजीच्या ठसक्यासकट!

एवढ्यावरून दादांना उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. पण एका बाजूने घेतलेल्या चित्रात फिकट ठिपका दिसला, म्हणून धातूच बदलल्याचा शेरा मारून फाईल बंद करू नये, एवढे त्या दगडाकडून शिकण्यासारखे आहे. तुकडा जरा कलवावा, आणि पुन्हा पाहावे.