वरचा सा आणि बर्लिनचा स्क्रू

मे 2023. बर्लिनच्या वुलहाइडेला लोकलमधून उतरलं की नुसती झाडी! त्या झाडीतल्या एफईझेडमध्ये भरलं होतं सुपरबूथ, म्हणजे सिंथेसायझरवेड्यांची जत्रा. माझ्या सॅकमध्ये माझा लाडका कन्व्हर्टर. कम्प्युटरच्या आकड्यांचं व्होल्टेज करून सिंथला सूर सांगणारा डबा. खालचा सा झक्कास, पण पाच सप्तकं वर गेलं की कान किटायचे. पुण्यातल्या मैत्रिणीने तर सांगूनच टाकलं होतं, ‘‘या डब्याबरोबर मी गाणार नाही!’’

‘12 बिटचा आहे ना, आता 16चाच घेऊ,’ असं ठरवूनच आले होते. एका स्टॉलवरच्या आजोबांनी आधी मल्टिमीटर लावला. हिशोब सोपा : एका सप्तकाला 1 व्होल्ट, सेमीटोनला 83 मिलिव्होल्ट. 10 व्होल्टच्या 12 बिटची एक पायरी 2.44 मिलिव्होल्ट, म्हणजे सेमीटोनचा जेमतेम 3 टक्के. गडबड दुसरीकडेच होती. 5 व्होल्टच्या जागी 5.05 येत होते. चूक फक्त 1 टक्का, पण सूर अर्ध्या सेमीटोनहून जास्त चढलेला!

आजोबांनी एक बारीक स्क्रू फिरवला. वरचा सा लागला! नव्या डब्याचे पैसेही वाचले.

रेघा कितीही बारीक काढा हो, पट्टीच ताणलेली असेल तर सूर लागणार कसा?